भजनाआधी आणि भजनानंतर ऑक्सिटोसिन मोजून विश्वास वाढल्याचं दाखवता येईल का?

भजनी_प्रयोग (फोंडा)

नमस्कार. बीएच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विचारतेय, विषय मानसशास्त्र. सामूहिक भजनानंतर माणूस दुसऱ्यावर जास्त विश्वास टाकतो का, आणि टाकत असेल तर त्यामागे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आहे का, हे बघायचंय.

सध्याचा आराखडा: एकाच गावच्या भजनी मंडळातले ४० जण. संध्याकाळी साडेसहाला लाळेचा नमुना, तासभर भजन, मग पुन्हा नमुना. दोन्ही वेळा ट्रस्ट गेम, म्हणजे एकाने पैसे पाठवायचे, ते तिप्पट होऊन दुसऱ्याला मिळणार, आणि त्याला वाटलं तर त्याने काही परत करायचे.

लाळेतलं ऑक्सिटोसिन मोजायच्या किटवर विसंबता येतं का? ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा स्प्रे ऑनलाइन दिसतो, दहा-बारा जणांना तो देऊन तुलना केली तर प्रकल्प भक्कम होईल का? ४० जण पुरेत का, आणि खेळात पैसे किती ठेवायचे? मॅडमनी एथिक्स कमिटीचा अर्ज भरायला सांगितलाय, पण आधी आराखडा पक्का हवा.


नाकासमोर

स्प्रेचं आधी सांगतो, कारण ती एक ओळ अर्जात राहिली तर कमिटी पुढचं वाचायची नाही.

ऑक्सिटोसिन आपल्याकडे शेड्यूल एचमधलं औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रसूतीत कळा वाढवायला आणि नंतरचा रक्तस्राव आवरायला ते इंजेक्शनने देतात. माणसाला औषध देऊन परिणाम बघायचा म्हटलं की २०१९चे क्लिनिकल चाचण्यांचे नियम आले: नोंदणीकृत एथिक्स कमिटी, जबाबदार डॉक्टर, कुणाला काही झालं तर उपचार आणि भरपाईची सोय. दिवस गेलेत हे एखादीला अजून कळलेलंही नसतं, आणि हे गर्भाशय आकुंचन करणारं औषध. ऑनलाइन बाटलीत किती युनिट आहेत हे कुणी तपासलेलं नसतं. त्यातून हा नऊ अमिनो आम्लांचा नाजूक रेणू. इंजेक्शनचे अ‍ॅम्प्युल साधारणपणे २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवतात, आणि ती बाटली मे महिन्यात कुरियरच्या गाडीतून येणार. स्प्रे काढून टाका.

स्प्रेची कल्पना आली कुठून तेही बघा. २००५ साली झुरिकमध्ये कोसफेल्ड, फेर वगैरेंनी पुरुष विद्यार्थ्यांना २४ युनिट दिली, दर नाकपुडीत तीन फवारे, आणि सुमारे ५० मिनिटांनी हाच खेळ खेळवला. ऑक्सिटोसिन मिळालेल्या २९ पैकी १३ जणांनी सगळे पैसे पाठवले, औषधाविना नुसता फवारा मिळालेल्या २९ पैकी ६ जणांनी. ते 'नेचर'मध्ये छापून आलं आणि जगभर 'विश्वासाचं संप्रेरक' हे नाव पडलं. २०२०मध्ये डेक्लर्क आणि सहकाऱ्यांनी सगळं आधी नोंदवून, ६७७ पुरुषांवर तोच प्रयोग पुन्हा केला. तो परिणाम सापडला नाही. मधल्या काळात शेकड्यांनी शोधनिबंध निघाले होते, बहुतेक २०-३० जणांच्या गटांवरचे.

नाकातून दिलेलं बरंचसं ऑक्सिटोसिन रक्तात जातं किंवा गिळलं जातं. मेंदूत पोचतं ते अत्यल्प, आणि रक्त-मेंदू अडथळ्यातूनही ते सहजी पार होत नाही. उलट बाजूने बघितलं तरी तीच अडचण. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या पेशी ऑक्सिटोसिन दोन वाटांनी सोडतात: एक पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात, दुसरी स्वतःच्या तंतूंवाटे थेट मेंदूतल्याच अ‍ॅमिग्डलासारख्या भागांत. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू होतीलच असं नाही. म्हणून रक्तात किंवा लाळेत आकडा वाढला म्हणजे मेंदूत निर्णयाच्या जागी काही झालंच, असं लिहू नका.

प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्याचं उदाहरण प्रस्तावनेत बहुतेक जण टाकतात, की ऑक्सिटोसिनमुळे त्यांची जोडी जमते. टाकायचं असेल तर २०२३चं कामही टाका: ज्या व्होलमध्ये ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर, म्हणजे ते पेशीवर जिथे चिकटतं ती जागा, जनुकातूनच काढला होता त्यांच्याही जोड्या जमल्या.


उणे_वीस

किटबद्दल मी सांगते. लाळेतल्या ऑक्सिटोसिनवर प्रकल्प उभा करू नका.

एलायझा किट ऑक्सिटोसिनला चिकटणारी प्रतिपिंडं वापरतं, पण नमुन्यात त्याच्यासारखं दिसणारं बरंच काही असतं, तेही चिकटतं. म्हणून आधी एक्स्ट्रॅक्शन करावं लागतं: नमुना कॉलममधून काढायचा, धुवायचा, सुकवायचा, थोड्या द्रावात पुन्हा विरघळवायचा. ते न करता मोजलं तर रक्तातला आकडा शंभरपटीपर्यंत जास्त येऊ शकतो, आणि एक्स्ट्रॅक्शन केलेल्या आकड्याशी त्याचा मेळही बसत नाही. रक्तात ऑक्सिटोसिन निम्मं व्हायला काही मिनिटंच लागतात. तुम्ही नळी शोधेपर्यंत ते उतरलेलं असतं.

मोजायचंच असेल तर कॉर्टिसॉल, ताणाचं संप्रेरक. ते लाळेत चांगलं मोजता येतं, किट भरवशाची आहेत. पण तुमच्या आराखड्यात एक मोठं भोक आहे. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि मग रात्रीपर्यंत उतरत राहतं. साडेसहाला एक नमुना आणि पावणेआठला दुसरा घेतला, तर भजन न करताही दुसरा आकडा कमी येण्याचीच शक्यता जास्त. तुम्ही लिहाल 'भजनाने ताण उतरला', परीक्षक म्हणतील 'घड्याळाने उतरला'. त्याच वेळेला, तितकाच वेळ, भजन न करणारा गट हवाच. त्याशिवाय नळ्या विकतही घेऊ नका.

नमुना घेताना:

आल्यावर अर्धा तास नुसतं बसवा. जिना चढून किंवा स्कूटर हाकत आलेल्या माणसाचा पहिला नमुना निरुपयोगी. तासभर आधीपासून खाणं, चहा-कॉफी, सिगरेट बंद. आदल्या रात्रीपासून दारू नको, फेणीही त्यात आली हे वेगळं सांगावं लागतं. दात घासायचे नाहीत, हिरड्यांतून रक्त आलं तर आकडे बिघडतात, टेस्टोस्टेरॉनचे तर हमखास. दहा मिनिटं आधी साध्या पाण्याने चूळ. सोलकढी, कोकम, बिंबलं, कैरी असलं आंबट काही नको: लाळेचा पीएच खाली जातो आणि प्रतिपिंडांचं चिकटणं बिघडतं. पान-तंबाखूवाल्यांचं उलटं, चुन्याने पीएच वर जातो. लालसर किंवा तपकिरी दिसणारा नमुना तिथेच बाद करा.

कापसाचा बोळा चघळायला देऊ नका, टेस्टोस्टेरॉन त्यात गडबडतं. मान खाली घालून तोंडात साचलेली लाळ पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत सोडू द्या, १ मिली. फेस मोजू नका, खालचं द्रव मोजा. तासभर गायलेल्याचं तोंड कोरडं असतं, तर पाच-सात मिनिटं लागतील, घाई नको. आणि भजन संपलं की कुणीतरी प्रसादाचा शिरा नाहीतर पंचखाद्य हातावर ठेवणारच. शेवटचा नमुना हातात येईपर्यंत प्रसादाचं ताट आत ठेवायला मंडळाच्या बुवांना आधीच सांगून ठेवा. ताणामुळे वाढलेलं कॉर्टिसॉल लाळेत शिखरावर दिसतं ते ताण सुरू झाल्यापासून २०-३० मिनिटांनी, म्हणून नमुने तीन: बसून झाल्यावर, भजन संपताच, आणि त्यानंतर २० मिनिटांनी.

फॉर्मवर दोन प्रश्न नक्की घाला. एक, गर्भनिरोधक गोळ्या. त्यांनी रक्तातलं कॉर्टिसॉल बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि लाळेतला प्रतिसाद दबलेला दिसतो. हा प्रश्न मंडळातल्या सगळ्यांसमोर तोंडी विचारायचा नाही, कागदावर, बंद पाकिटात. दोन, स्टेरॉइडचं मलम किंवा दम्याचा पंप. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच. मलम लावलेल्या बोटांनी नळीचं तोंड धरलं तर आकडा छताला लागतो.

नळ्या लगेच बर्फाच्या पेटीत, रात्रीच उणे २० अंशांवर. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज नको, तो दर काही तासांनी थोडा गरम होतो. मोजायच्या दिवशी वितळवून, हलवून, १५०० जी वर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं स्वच्छ द्रव घ्या. हे टाळलं की चिकट तार पिपेटच्या टोकात अडकते आणि २५ मायक्रोलिटरऐवजी १५च जातात.

खर्चाचा अंदाज: किटच्या एका प्लेटमध्ये ९६ खळगे. स्टँडर्ड, कंट्रोल आणि ब्लँक हे तुलनेचे द्राव मिळून दहा गोष्टी, प्रत्येक दोनदा, २० खळगे गेले. उरलेल्या ७६मध्ये प्रत्येकी दोनदा धरून ३८ नमुने. तुमचे ४० जण गुणिले ३ म्हणजे १२०, म्हणजे चार प्लेट. एका माणसाचे तिन्ही नमुने एकाच प्लेटवर, नाहीतर प्लेटांमधला फरक तुम्ही भजनाचा परिणाम म्हणून छापाल.


सुटे_पैसे

संप्रेरकांचं वरच्या दोघांनी केलं. माझं म्हणणं खेळाबद्दल, कारण तिथे मोडलं तर खालचं मोजमाप कितीही चोख असो, उपयोग नाही.

एकाच गावच्या मंडळात विश्वास मोजता येत नाही. पाठवणाऱ्याला ठाऊक असतं की पैसे परत नाही केले तर उद्या देवळात तोंड दाखवावं लागेल, समोरच्यालाही ठाऊक असतं. तुम्ही मोजाल ती गाव काय म्हणेल याची धास्ती. दोन मंडळं घ्या, दोन तालुक्यांतली. फोंडा आणि पेडणे असं काहीतरी. मग प्रत्येकाने दोन निर्णय घ्यायचे: आपल्या मंडळातल्या एकाला किती, त्या दुसऱ्या मंडळातल्या एकाला किती. नेमका कोण हे कधीच कळू द्यायचं नाही. ऑक्सिटोसिनबद्दल डी ड्रूने २०१०मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं ते हेच होतं, की ते सगळ्यांविषयी प्रेम वाढवत नाही, आपल्या गटाकडे झुकवतं. भजनाने 'आपल्यांना' जास्त जातं आणि 'त्यांना' तेवढंच राहतं, असं निघालं तर तो तुमच्या मूळ प्रश्नापेक्षा चांगला निकाल आहे.

दुसरं, पैसे पाठवणं म्हणजे विश्वासच असं नाही, ती जोखीम घ्यायची हौसही असू शकते. झुरिकवाल्यांनी म्हणूनच वेगळा गट ठेवला होता, ज्यात परत किती येणार हे माणूस नाही, सोडत ठरवायची. तुमच्याकडेही तो निर्णय हवा. आधी दहा-बारा बाहेरच्या लोकांवर सराव घ्या, त्यांनी किती परत केले त्या चिठ्ठ्या डब्यात टाका, आणि या निर्णयात परतावा डब्यातून काढा.

सूचनांच्या कागदावर 'विश्वास' शब्द येता कामा नये. फक्त पाठवणे, मिळणे, परत करणे. खेळाआधी दोन गणितं सोडवून घ्या. उदा. दोघांकडे १२० रुपये, पहिल्याने ४० पाठवले, आता दुसऱ्याकडे किती? उत्तर २४०. दोनदा समजावूनही चुकलं तर त्याचा डेटा गाळायचा की ठेवायचा हे आज ठरवा, निकाल बघून नव्हे.

४० जणांबद्दल. निम्मे पाठवणारे धरले तर २०, त्यांचे दोन गट केले तर दहा-दहा. दहाच्या गटात काहीही निघतं. मध्यम आकाराचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला दोन वेगळ्या गटांत प्रत्येकी ६४ लागतात. तीच माणसं दोन्ही स्थितींत आणली तर ३४ पुरतात. म्हणून प्रत्येकाला दोन संध्याकाळी बोलवा, आठवड्याच्या अंतराने: एकदा स्वतः भजन, एकदा त्याच भजनाचं रेकॉर्डिंग बसून ऐकणं. निम्म्यांचं भजन आधी, निम्म्यांचं नंतर. वेळ तीच.


मिरामार_किक

भजनाऐवजी फुटबॉल घ्या हो. १९९४च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ब्राझील जिंकल्यावर ब्राझीलच्या प्रेक्षकांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि इटलीवाल्यांचं घसरलं असा अभ्यास आहे. गोव्यात ब्राझील आणि पोर्तुगालचे झेंडे लावणारे वाडेच्या वाडे मिळतील. जिंकणारे दिलदार होतात की माजतात ते बघा.


नाकासमोर

तो अभ्यास खरा, पण प्रेक्षकांची संख्या लहान होती. २०१०ची फायनल बघणाऱ्या स्पॅनिश चाहत्यांवर केलेल्या कामात सामना बघताना टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल दोन्ही वाढले, पण जिंकल्यावर आणखी उडी दिसली नाही. शिवाय फायनलच्या रात्री दारू न पिता, तासभर काही न खाता बसणारे ४० चाहते गोव्यात शोधा आणि मग बोलू.

टेस्टोस्टेरॉनने माणूस माजतो हेही तपासून घ्यायला हवं. २०१०मध्ये आयझेनएगर आणि मंडळींनी स्त्रियांना जिभेखाली ०.५ मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन अल्टिमेटम गेम खेळवला: एकाने पैशांची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने नाकारली तर दोघांनाही काही नाही. टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांनी उलट जास्त समान वाटा दिला. पण आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालंय असं ज्यांना *वाटत* होतं त्यांनी कमी दिला, खरंच मिळालं असो वा नसो. संप्रेरक आणि त्याबद्दलची समजूत विरुद्ध दिशांना ओढत होती.

प्रश्नकर्तीने यातून एवढंच उचलावं: सहभागी लोकांना 'भजनाने प्रेमाचं संप्रेरक वाढतं का ते बघतोय' असं सांगितलंत तर प्रयोग तिथेच संपला. अर्जात आणि संमतीपत्रात 'एकत्र वेळ घालवणं आणि पैशांचे निर्णय' असं लिहा. ते खोटं नाही, आणि पूर्ण उद्देश शेवटच्या सत्रानंतर सांगायची तरतूद कमिटीकडून मंजूर करून घ्या. औषध नसलं तरी मंजुरी लागतेच, आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वर्तनाच्या अभ्यासालाही लागू आहेत.


भजनी_प्रयोग (फोंडा)

सगळ्यांना देव बरें करूं. स्प्रे गेला, ऑक्सिटोसिन किट गेलं. आता अडचण ही, की माझ्याकडे एकूण १५,००० रुपये आहेत आणि विभागात उणे २०चा फ्रीझर नाही, साधा घरगुती फ्रीज आहे. १५,०००मध्ये चार प्लेट आणि खेळाचे पैसे दोन्ही बसतील का? की कॉर्टिसॉल फक्त दहा जणांचं घेऊ? आणि दुसऱ्या मंडळाला एकाच संध्याकाळी आणायचं कसं?


उणे_वीस

दहा जणांचं घेऊ नका. त्या दहा आकड्यांतून काही निघणार नाही आणि निघालं तर ते चुकीचं असायची शक्यता जास्त. चार प्लेट तुमच्या बजेटात बसत नाहीत, फ्रीझर नाही, आणि सत्रं पावसात होणार म्हणजे वीज जाणार. कॉर्टिसॉल वगळा. प्रस्तावनेत संप्रेरकांचं नीट लिहा, पद्धतीत फक्त वर्तन ठेवा. भजनाआधी आणि नंतर १ ते ९ अशा पट्टीवर 'आत्ता किती ताण वाटतोय' एवढं विचारा, फुकट आहे.


सुटे_पैसे

सहमत. हिशेब असा बसतो.

दोन मंडळांतले २०-२०. मंडळं एकत्र आणायची गरजच नाही, आपापल्या गावी सत्र घ्या, जोड्या नंतर कागदावर लावायच्या. प्रत्येक संध्याकाळी प्रत्येकाने दोन्ही भूमिका भरायच्या. पाठवणारा म्हणून तीन निर्णय: आपल्या मंडळाला, दुसऱ्या मंडळाला, डब्याला. रक्कम ०, ४०, ८० किंवा १२०, मधली नाही. मिळणारा म्हणून एक छोटा तक्ता, आपल्यांसाठी एकदा आणि त्यांच्यासाठी एकदा: १२० आले तर किती परत, २४० आले तर, ३६० आले तर.

दुसऱ्या संध्याकाळनंतर एकच सोडत काढा: कोणती संध्याकाळ, कोणता निर्णय. मग नाणेफेकीने २० जण पाठवणारे, २० मिळणारे. आपल्या मंडळाचा निर्णय निघाला तर प्रत्येक मंडळात दहा जोड्या, दुसऱ्याचा निघाला तर आरपार वीस. एका जोडीला जास्तीत जास्त ४८० जातात, पाठवणाऱ्याने सगळे १२० पाठवले तर. वीस जोड्यांचे ९,६००. डब्याचा निर्णय निघाला तरी कमाल तेवढीच: २० जणांना जास्तीत जास्त ३६०, उरलेल्या २० ना सरळ १२०. येण्याचे ५० रुपये, दोन संध्याकाळ, ४० जण, ४,०००. झाले १३,६००. उरलेल्या १,४००मध्ये पाकिटं, झेरॉक्स, चहा आणि सराव गटाला थोडंफार.

पाकिटावर नाव नको, फक्त क्रमांक. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी पैसे वाटणाऱ्याकडे, आणि पैसे वाटणारा मंडळातला नको, तुम्हीही नको. वर्गातली कुणीतरी बघा. नोटा आधीच मोडून ठेवा, सगळ्या रकमा १०च्या पटीत याव्यात म्हणून तक्त्यातही परतावा १०च्या पटीतच भरायला सांगा. सूचना मराठीत आणि कोंकणीत दोन्ही छापा, पण एका सत्रात एकच मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या आठवड्यात तीच.

श्रावणात तारीख धरू नका. सप्ताहाच्या दिवसांत मंडळं तशीही रोज गात असतात, मग तुमची रेकॉर्डिंगवाली संध्याकाळ भजनाशिवायची राहत नाही.